काळे चौकोन, पांढऱ्या गल्ल्या

दमयंती : हात लावू नका सर, शाई ओली आहे अजून.

भास्कर सर : हात कोण लावतोय? बोट दाखवतोय नुसतं. हा बघ डाग. हा दुसरा. हा तिसरा. जिथे जिथे दोन गल्ल्या एकमेकींना छेदतात, तिथे तिथे राखाडी डाग. शाई फुटलीय तुझी. आणि असला कागद तू प्रदर्शनाला देणार?

गोदूबाई : घ्या! मास्तरांना पन दिसले. बाय, मी सकाळपासून काय सांगतंय? दोन कागद मी फडक्यानं पुसले. खाली वाकून बगितला तर काय नाय, उभी रायले का हायत तितंच.

दमयंती : गोदूबाई, पुसायचे डाग नाहीत ते. सर, तुम्ही एक करा. यातला एकच डाग धरा आणि त्याच्याकडे रोखून बघा.

भास्कर सर : बघतो. हा मधला धरतो. हं... गेला.

दमयंती : आता शेजारचा.

भास्कर सर : तो पण गेला. आणि पहिला मागून परत हजर! काय गो हे? वात्रट पोरांसारखं. मास्तर फळ्याकडे वळला की दंगा, आणि मान फिरवली की सगळे शहाणे.

दमयंती : बरोबर तसंच. कागदावर दोनच गोष्टी आहेत, सर. काळे चौकोन, आणि त्यांच्यामध्ये सोडलेल्या कोऱ्या पांढऱ्या गल्ल्या. राखाडी शाईचा डबा माझ्या दुकानात नाहीसुद्धा. ते ठिपके मी नाही छापले. तुमचा डोळा करतोय.

भास्कर सर : हे सुचलं कुठून तुला?

दमयंती : सुचलं कसलं, गळ्यात पडलं. मागच्या जानेवारीत राजापूरच्या एका बागायतदाराची आंब्याच्या पेटीची लेबलं होती. काळ्या चौकोनावर सोनेरी अक्षरं. आधी नुसते काळे चौकोन छापले, एका कागदावर चौसष्ट. तो गडी बघायला आला आणि म्हणाला, सगळ्या कागदांवर डाग आहेत, मला नकोत. भांडून गेला. मी रडकुंडीला आले. एकेक कागद उजेडात धरून बघते तर डाग कुठेच नाहीत! मग कळलं. तेव्हापासून वर्षभर हेच करतेय. चौकोन केवढा हवा, गल्ली केवढी हवी, म्हणजे ठिपके सगळ्यात जोरात उठतील. छपाईची जाळी, ती स्क्रीन, चाळीसेक वेळा नव्यानं केली असेल. हा शेवटचा.

भास्कर सर : तुझी मेहनत मला दिसतेय. पण चित्र कुठाय यात? मी वीस वर्षं आपल्या कलामंडळाच्या प्रदर्शनाचा पंच आहे. होड्या पास केल्या, माड पास केले, भगवती बंदराचा सूर्यास्त तर दरवर्षी चार-चार पास केले, नाक मुठीत धरून. पण विषयच नाही असं चित्र मी भिंतीवर लावू दिलेलं नाही.

दमयंती : विषय आहे की. आत्ता तुम्ही त्याच्याशी पाच मिनिटं भांडत होतात. सूर्यास्ताशी भांडला होतात कधी?

गोदूबाई : हां! ता मात्र खरां.

भास्कर सर : गोदूबाई, तुम्ही शाई ढवळा. हे बघ दमयंती, ठिपक्यांचं मी मानलं. चमत्कारिक आहे, पण मानलं. मात्र मधल्या गल्ल्या वाकड्या का आल्या, ते सांग मला.

दमयंती : कुठल्या?

भास्कर सर : या मधल्या. वरून सरळ येतात, मध्यावर आल्या की पोट आत घेतल्यासारख्या वळतात, खाली परत सरळ. हेही माझा डोळाच करतो म्हणणार?

दमयंती : नाही. तसं नाही होत यात. गल्ल्या सरळ आहेत, सर.

भास्कर सर : अगो, मला दिसतंय ना! बाकी काही नसलेल्या चित्रात रेघ तरी सरळ नको? चौसष्ट चौकोन धड ओळीत बसवता येऊ नयेत? तुला मी तेव्हाच सांगितलं होतं, की तुझ्या—

दमयंती : माझ्या हाताला कंप आहे. पूर्ण करा की वाक्य. दहावीला होते मी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, मुंबईच्या कलाशाळेचा फॉर्म आणून ठेवला होता. तुम्ही आमच्या ओटीवर बसून, बाबांच्या देखत म्हणालात, हिचा हात स्थिर नाही, रेघ सरळ येत नाही, तिथे टिकणार नाही. मी तो फॉर्म चुलीत घातला. म्हणून तर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये आले सर. इथे रेघ हाताने काढावी लागत नाही. जाळीची चौकट काढते.

भास्कर सर : वीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरतेस?

दमयंती : तुम्ही उकरलंत. मला काहीही म्हणा. विषय नाही म्हणा, चित्र नाही म्हणा. पण या कागदावरची रेघ वाकडी म्हणू नका. गोदूबाई, ती स्टीलची पट्टी द्या. मोठी, दोन फुटी.

गोदूबाई : ही घे.

दमयंती : बघा सर. गल्लीच्या कडेला पट्टी लावली. कडेला कड. कुठे फट दिसते?

भास्कर सर : फट नाही.

दमयंती : मग?

भास्कर सर : मग काय? पट्टीच वाकडी आहे तुझी.

दमयंती : काय म्हणालात?

भास्कर सर : पट्टी वाकलीय मध्ये. गल्ली जशी वाकलीय, तश्शीच. वाकड्या पट्टीवर आखलंस तर दुसरं काय होणार?

गोदूबाई : मास्तर, त्या पट्टीवर मी रोज कागद कापतंय. सुरीसारखी सरळ हाय ती.

दमयंती : थांबा गोदूबाई. सर, जरा इकडे दाराशी या. समोर बँकेच्या खिडकीचे गज दिसतात?

भास्कर सर : दिसतात. न दिसायला काय झालं?

दमयंती : डावा डोळा हाताने झाका. आता गज कसे आहेत?

भास्कर सर : कसे म्हणजे... वाऱ्यातल्या माडासारखे. मधूनच कलंडलेत.

दमयंती : आता उजवा झाका.

भास्कर सर : सरळ. सगळे सरळ आहेत.

दमयंती : परत इथे या. उजवा झाकलेलाच ठेवा. माझं चित्र बघा.

भास्कर सर : पट्टी दे इकडे. मीच लावून बघतो.

दमयंती : सर?

भास्कर सर : सरळ आहेत गो गल्ल्या. एकूण एक.

दमयंती : उजव्या डोळ्याचं कधीपासून होतंय असं?

भास्कर सर : काय होतंय? नंबर वाढला असेल. मागच्या आठवड्यात रात्री कूस बदलली की डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. चार दिवस झाले, खालच्या बाजूनं काहीतरी काळसर वर चढल्यासारखं वाटतं. चष्म्याची काच खराब झाली म्हणून मी रोज पुसतोय.

गोदूबाई : काच नाय ती मास्तर! पडदा हाय डोल्याचा. आमच्या हर्ण्याच्या दिराला अगदी ह्याच झाला. आधी काजवे, मग काला काला वर चडला. होडी चालवनारा तांडेल होता. म्हनाला, सीजन संपू दे, मग दाखवतंय डाक्टरला. सीजन संपला आनि डोला पन संपला. डाक्टर म्हनाला, आठ दिवस आदी आला असतास तर शिवला असता.

दमयंती : सर, डोळ्यांच्या डॉक्टर मनस्विनींचा दवाखाना चारला उघडतो. मी येते तुमच्याबरोबर.

भास्कर सर : आज? शुद्ध आहे का तुला? पाच वाजता यादी बंद होते. वासंतीबाई मंडळात यादी घेऊन बसल्यात, माझी सही पडल्याशिवाय एक चित्र पुढे जात नाही. डोळ्यात थेंब घातले की मला अक्षर दिसणार नाही. उद्या बघू.

दमयंती : उद्या नाही. आत्ता.

भास्कर सर : माझी सही नाही, तर तुझंही चित्र यादीत नाही. वर्षभराचं काम. कळतंय ना तुला काय बोलतेस?

दमयंती : कळतंय. गोदूबाई, रिक्षा बघा.

गोदूबाई : ही गेलंय!

भास्कर सर : थांब. कागद घे एक. पेन घे.

दमयंती : सही नंतर करा हो सर.

भास्कर सर : सही नाही, चिठ्ठी. वासंतीबाईंना. लिही. 'ज्याला स्टीलची पट्टी वाकडी दिसते, त्याने यंदा पंच म्हणून बसणे योग्य नाही. उद्घाटनाला मुंबईहून जे पाहुणे चित्रकार येणार आहेत, त्यांनीच निवड करावी. मी कोणाचे चित्र पास केलेले नाही, नापासही केलेले नाही.' लिहिलंस? आण, खाली नाव घालतो. आणि एक ऐक. डोळ्याच्या बदल्यात चित्र पास, असा व्यवहार मी करणार नाही. तुझ्या चित्राचं काय ते चित्र बघून घेईल.

दमयंती : मलाही तसंच हवंय. चपला घाला. ती दुसऱ्याची आहे सर, तुमची ही.

* * *

(मिरजेचं इस्पितळ, नऊ दिवसांनी. भास्कर सर पलंगावर पालथे. तोंड पलंगाच्या कडेबाहेर, नजर फरशीकडे.)

भास्कर सर : बोलू नकोस, ओळखतो. चपलेच्या अंगठ्याला काळी शाई लागलीय. दमयंती.

दमयंती : आता चपलांवरून ओळखायला लागलात!

भास्कर सर : नऊ दिवस दुसरं दिसतंय काय? डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो वर तरंगणार आणि पडद्याला आतून दाबून धरणार. म्हणून मी पालथा. जेवण पालथा, झोप पालथा, माझी लेक भार्गवी वर्तमानपत्र वाचून दाखवते तेही पालथा. आत्ताच खाली औषधं आणायला गेली बिचारी. तू एसटीनं आलीस?

दमयंती : पहाटेच्या. आंबा घाटात धुकं होतं, तासभर उशीर झाला. डॉक्टर काय म्हणतात?

भास्कर सर : पडदा बसला म्हणतात. उजेड कळतो, बोटं कळतात. दोन दिवस उशीर झाला असता तर मधला भाग गेला असता, मग शिवूनही उपयोग नव्हता. त्या सर्जनबाई विचारत होत्या, आजोबा, एवढ्या लवकर लक्षात कसं आलं? म्हटलं, माझ्या एका विद्यार्थिनीनं चौकोन छापले, आणि मी तिच्यावर चूक लादायला गेलो. खूप हसल्या. म्हणाल्या, चौकटींचा एक कागद आम्हीही पेशंटना देतो, घरी भिंतीवर लावायला. रेघा वाकड्या दिसल्या तर धावत या म्हणून सांगतो.

दमयंती : सर, एक सांगायचंय.

भास्कर सर : मुंबईच्या पाहुण्यानं निवडलं.

दमयंती : तुम्हाला कोणी सांगितलं?

भास्कर सर : पहाटेची एसटी धरून कोणी वाईट बातमी द्यायला येत नाही. बोल. सगळं सांग.

दमयंती : मी तर चित्र द्यायलाच गेले नव्हते हो. तुमच्याबरोबर दवाखान्यात होते, आणि तिथूनच त्या रात्री मिरजेला आले ना. गोदूबाई गेल्या. चित्र पोत्यात गुंडाळून, चिठ्ठी पदराला बांधून, पाच वाजायला पाच मिनिटं असताना. वासंतीबाई म्हणाल्या, हे काय, फरशीचा नमुना? गोदूबाई म्हणाल्या, तुमी उभ्या ऱ्हावा आनि बगा. दुसऱ्या दिवशी ते पाहुणे आले. सगळ्या चित्रांवरून भराभर फिरले आणि याच्यासमोर थांबले. मागे गेले, पुढे आले, चष्मा काढला, परत घातला. वीस मिनिटं. मग म्हणाले, हे कोणी केलं, मला त्या माणसाला भेटायचंय. मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायला एकच चित्र निवडलं त्यांनी. माझं.

भास्कर सर : वा.

दमयंती : एवढंच? वा?

भास्कर सर : मान वर करता येत असती तर उठून उभा राहिलो असतो. दमयंती, खाली बस. त्या स्टुलावर नको, फरशीवर बस. मला तुझे पाय दिसतायत, हात दिसू देत.

दमयंती : बसले.

भास्कर सर : तुझ्या हाताला कंप नव्हता.

दमयंती : कधी?

भास्कर सर : कधीच नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका स्थिर हात मी दुसरा पाहिला नाही. तुझे बाबा आले होते माझ्याकडे, आदल्या संध्याकाळी. म्हणाले, पोरीला एकटीला मुंबईला धाडायची माझी छाती नाही. पण मी नाही म्हटलं तर जन्मभर माझ्यावर डूख धरील. तुम्ही म्हणालात तर ऐकेल, तुमच्यावर विश्वास आहे तिचा. आणि मी हो म्हटलं.

दमयंती : तुम्ही दोघांनी ठरवून?

भास्कर सर : ठरवून. ते वारले तेव्हा वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, गेलेल्या माणसाच्या माथी कशाला मारा. खरं कारण ते नव्हतं. तोंड नव्हतं मला. आत्ताही बोलतोय तो फरशीकडे बघून. समोर बसून बोललो नसतो.

दमयंती : सर, मी दिवाळीला दारात छाप्याची रांगोळी काढते. माहितीये तुम्हाला? शेजारणी हसतात. एवढी प्रिंटिंगवाली आणि चार ठिपके हाताने जोडता येत नाहीत! एकदा ह्यांनी जहाजावरून सुंदर ब्रश आणले, कुठल्याशा बंदरातून. मी पाकीट उघडलं नाही. आमच्याच पुतणीच्या लग्नपत्रिकेवर एक वेल हाताने काढायची होती, तर ती मी चिपळूणच्या माणसाकडून काढून घेतली. घरची पत्रिका! का, तर माझा हात हलतो. भांडं धरताना नाही, सुई ओवताना नाही, फक्त रेघ काढताना हलतो, असं मी स्वतःला वीस वर्षं सांगितलं. कधी बघितलंही नाही, खरंच हलतो का.

भास्कर सर : बोल. मला ऐकायला हवं ते.

दमयंती : मी तुम्हाला माफ केलं असं आत्ता म्हणणार नाही.

भास्कर सर : म्हणू नकोस.

दमयंती : बाबांवरही राग आलाय. ते असते तर आज घरी जाऊन भांडले असते, आणि नंतर त्यांच्यासाठी चहा टाकला असता. ते राहिलंच आता. पण सर, मला हसू का येतंय?

भास्कर सर : येतंय?

दमयंती : येतंय हो. राग एवढा आहे, आणि त्याच्या खालून हसू येतंय. थांबा. हा बघा माझा हात. तुमच्या तोंडाखाली धरलाय, फरशीवर. बोटं ताणून धरलीत. दिसतोय नीट?

भास्कर सर : डाव्या डोळ्यानं लख्ख दिसतोय.

दमयंती : हलतोय?

भास्कर सर : नाही.

दमयंती : मीही पहिल्यांदाच बघतेय.

* * *

(कलामंडळाचा हॉल, दोन महिन्यांनी. मुंबईहून परत आलेलं चित्र भिंतीवर, दमयंतीच्या सत्काराला जमलेली गर्दी.)

गोदूबाई : सरा बाजूला, मास्तर आलेत, वाट द्या! मास्तर, इकडनं या. ह्या रेघेवर उभे ऱ्हावा, मी खडूनं मारून ठेवलंय. इतनं ठिपके सगल्यात बरे दिसतत. आनि हात लावायचा नाय. कालपासनं तीन जनांच्या हातावर चापट मारलंय मी.

भास्कर सर : गोदूबाई, तुम्ही मंडळाच्या सेक्रेटरी झालात की काय?

गोदूबाई : नाय झाले, पन वासंतीबाय म्हनाल्या, तुमच्याशिवाय हा हॉल आवरायचा नाय. काय गर्दी मास्तर! राजापूरची मानसं आली. संगमेश्वरच्या शाळेतनं दोन गाड्या भरून पोरां आली. आमच्या हर्ण्याचे धा जन आले, दीर पन आला. म्हनाला, वहिनी, एका डोल्यानं पन दिसतत गो! किती खूश झाला. आनि तो आंब्यावाला माहीत हाय? लेबलवाला? तो आलाय तिकडं मागं. सगल्यांना सांगत फिरतो, हे डाग सगल्यात आदी मी बगितले म्हनून.

दमयंती : सर, आलात! उजेडाचा त्रास होत नाही ना? काळा चष्मा काढलात तरी चालेल का?

भास्कर सर : परवाच परवानगी मिळाली. आधी तुझं सांग. सोनेरी फीत लावलीय चौकटीला, मुंबईचं पहिलं बक्षीस म्हणे?

दमयंती : मुद्राचित्रांच्या, म्हणजे छापलेल्या चित्रांच्या विभागात पहिलं. मी आत गेले तेव्हा माझं चित्र कुठे लावलंय ते शोधावं लागलं नाही. एका भिंतीपुढे मोठी मोठी माणसं माना पुढे-मागे करत उभी होती, भातातल्या बगळ्यांसारखी. म्हटलं, ते माझंच.

गोदूबाई : आनि ता मोठा सांग की. मुंबैचा.

दमयंती : सांगते हो. तिथल्या एका छापखान्यानं, म्हणजे चित्रकार आपली चित्रं छापतात त्या, तीन महिन्यांसाठी बोलावलंय. मोठं यंत्र आहे, चार फुटी कागद घेतं. राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात. माझ्या खोलीत जी मुलगी असणार आहे ती एकोणीस वर्षांची, मी छत्तीस. ह्यांना फोन केला जहाजावर. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. म्हणाले, मी वर्षातले नऊ महिने समुद्रावर असतो, तू तीन महिने मुंबईत राहिलीस तर बिघडतं काय? दुकान गोदूबाई बघणार.

गोदूबाई : लग्नपत्रिका मी छापीन. वेल पन काडून ठेवल्यात बायनं, पंचवीस. हातानं.

भास्कर सर : हाताने?

दमयंती : पहिल्या सहा भयंकर आल्या. कंप नाही, पण सवयही नाही ना. सातवीपासून बऱ्या आल्या.

भास्कर सर : कधी निघतेस?

दमयंती : सोमवारच्या गाडीनं.

भास्कर सर : फॉर्मवर कोणाची सही लागते का गो?

दमयंती : नाही सर. माझी एकटीची लागते. केली.

भास्कर सर : बरं झालं. हं. आता मला बघू दे. चष्मा धर जरा. डावा डोळा झाकतो. उजव्यानंच बघतो.

दमयंती : कसं दिसतंय?

भास्कर सर : थांब, घाई करू नकोस. पहिली गल्ली सरळ. दुसरी सरळ. तिसरी, चौथी... चौथी मध्यावर किंचित लवते. केसभर. सर्जनबाई म्हणाल्या होत्या, तेवढं राहील. बाकी सरळ आहे गो. सगळं सरळ आहे. आणि अरे, अरे! ठिपके!

गोदूबाई : दिसले! मास्तरांना उजव्यानं दिसले! ऐकलंत का सगल्यांनी?

भास्कर सर : नाक्यानाक्यावर दिवे लागल्यासारखे! एकाकडे बघावं तर तो विझतो आणि बाकीचे सगळे लागतात. दुकानात बघितले तेव्हा मी यांच्यावर चिडलो होतो. चूक शोधत होतो ना. अगो, किती चालू आहे हे चित्र! कागद जागचा हलत नाही आणि हे आपलं चालूच.

दमयंती : सर, डोळे पुसा. थेंब घालायची वेळ झाली का?

भास्कर सर : थेंबाचं पाणी नव्हे हे.

गोदूबाई : मास्तर, वासंतीबाय बोलावतायत. मंडली बसली, हार आनलाय, तुमचा भाषन हाय पयला.

दमयंती : चला सर, हात धरा माझा. सगळे थांबलेत.

भास्कर सर : थांबू देत. मी बघतोय.